लोखंडाचं वय

मगदूम फौंड्रीच्या ब्रेक ड्रमचं वय दोन हजार तीनशे वर्षं निघालं, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. तस्लीम मुजावरनं हातातला चहा तसाच खाली ठेवला, यंत्राची नळी साफ केली आणि चिमूटभर कीस पुन्हा आत सोडला. वीस मिनिटांनी आकडा आला. दोन हजार दोनशे ऐंशी.

ड्रमवर ओतल्याची तारीख उमटवलेली होती. तो ओतून जेमतेम सव्वा महिना झाला होता.

हातकणंगल्याच्या अलीकडे वसलेल्या त्या नव्या औद्योगिक वसाहतीत चाळीस फौंड्र्या होत्या आणि चाळीसही फौंड्र्यांच्या लोखंडाचं वय काढणं हे तस्लीमचं काम होतं. वसाहतीतले लोक तिच्या प्रयोगशाळेला 'दाखला ऑफिस' म्हणत. लोखंडाला जन्मदाखला मिळण्याचं हे देशातलं पहिलंच ठिकाण, असं ते पाहुण्यांना हसत हसत सांगत.

शास्त्र तसं सोपं होतं. ओतकामाच्या लोखंडात, म्हणजे बिडात, शंभरात तीन-साडेतीन भाग कार्बन असतो. भट्टीत भंगार वितळतं तेव्हा ते हा कार्बन इंधनातून शोषून घेतं. कुठलंही झाड जिवंत असताना हवेतून कार्बन घेतं आणि त्या कार्बनमध्ये एका विशेष प्रकारचा, कार्बन-चौदा नावाचा, अतिशय थोडा अंश असतो. झाड मेलं की तो अंश हळूहळू विरत जातो. पावणेसहा हजार वर्षांत निम्मा उरतो. दगडी कोळसा कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या झाडांचा, त्यामुळे त्यात तो औषधालाही शिल्लक नसतो. गेल्या हंगामातल्या उसात मात्र तो पुरेपूर असतो. तस्लीमचं यंत्र कीस जाळून त्याचा वायू करायचं आणि त्यातून लेसरचा किरण आरशांच्या मध्ये लाखभर वेळा फिरवून हा अंश मोजायचं. उसाच्या पाचटाच्या आणि बगॅसच्या, म्हणजे चिपाडाच्या, कोळशावर वितळलेलं लोखंड तरुण दिसायचं. त्यात दगडी कोळशाचा कोक मिसळला की ते म्हातारं व्हायचं. जितका कोक जास्त, तितकं वय जास्त. दोन हजार तीनशे वर्षं म्हणजे त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा कार्बन मेलेला होता.

हे यंत्र येण्याआधी कोकच्या भट्ट्या बदलायला कुणी पैसे देत नव्हतं. भट्ट्यांची नवी बांधणी, उसकोळशाच्या विटांचा कारखाना, माल नेणारे बॅटरीवरचे ट्रक, सगळं मिळून शेकडो कोटींचं काम. बँका म्हणायच्या, चाळीस धुराडी, चाळीस मालक. कोण खरंच उसकोळसा जाळतो आणि कोण रात्रपाळीला कोक टाकतो, हे आम्ही कसं बघायचं? धुराला सही नसते. यंत्र आलं आणि लोखंडच साक्षीदार झालं. मग एका निधीनं, ज्यात शिक्षकांचे नि नर्सांचे पेन्शनचे पैसे गुंतलेले होते, चार टक्क्यांनी कर्ज दिलं. अट एकच. दर तिमाहीला लोखंड तपासायचं आणि त्याचं वय पाचशे वर्षांच्या आत हवं. ज्याचं जास्त निघेल त्याला वर्षभर अकरा टक्के. करारात आणखी एक कलम होतं. चाळिसांतल्या दहांपेक्षा जास्त फौंड्र्या नापास झाल्या तर निधी सगळ्या वसाहतीचाच करार मोडू शकत होता.

मगदूम फौंड्रीचा नमुना तेवढा एरवी तस्लीमचा सहकारी तपासायचा. त्याची बदली झाली होती आणि नवा माणूस आलेला नव्हता. तिनं निधीच्या अधिकारी संज्योत केळूसकर यांना तसं लेखी कळवलंही होतं, की त्या फौंड्रीत माझे वडील भट्टीवर मिस्त्री आहेत, हा नमुना दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावा. पुण्याहून उलट टपाली उत्तर आलं होतं : 'आकडा यंत्र काढतं. तुम्ही करा.'

नमुना नापास झाला की दुसरा तुकडा तपासनिसानं स्वतः जाऊन आणायचा, असा नियम होता. तस्लीम स्कूटर काढून निघाली.

दस्तगीर मुजावर भट्टीच्या तोंडाशी उभे होते. एकसष्ट वर्षांचे, कपाळावर उष्णतेनं पडलेला कायमचा तांबूस पट्टा. मुलीला बघून त्यांनी हातमोजे काढले.

"आलीस? नमुना पाह्यजे आसंल."

"तुम्हाला कसं कळलं?"

"म्हैना झाला वाट बघतोय की."

ते तिला शेडच्या मागं घेऊन गेले. तिथं जुन्या काळातला उरलेला कोक ताडपत्रीखाली पडून होता. एका बाजूनं ढीग खचलेला दिसत होता.

"बारा पाट्या," दस्तगीर म्हणाले. "मीच टाकल्या. दुसऱ्या कुणी हात लावला न्हाई."

"का, अब्बा?"

"जळणाच्या विटा कच्च्या आल्या. चांगली वीट टिचकी मारली की वाजती. ह्या बद्द वाजत हुत्या. वर लोखंडाचा थर पडला की पिठावानी व्हायच्या. वारा वर चढंना. खालनं लोखंड यायचं ते शिऱ्यावानी दाट याय लागलं. आनि पंधरा मिन्टं गेली असती तर भट्टी बसली असती."

भट्टी बसणं म्हणजे काय हे तस्लीमला लहानपणापासून माहीत होतं. आतला दोन टन रस आतच थिजतो. मग तो फोडून काढायला माणसं आत घालावी लागतात, आणि वरचा अडकलेला थर कधी सुटेल याचा भरवसा नसतो.

तेवढ्यात भरतेश मगदूम आले. फौंड्री त्यांच्या आजोबांची. भरतेश चाळिशीचे, शांत, हिशेबी माणूस. तस्लीमनं आकडा सांगितला. ते बराच वेळ कोकच्या ढिगाकडं बघत राहिले.

"चाचा, मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय केलं असतं तुमी? न्हाई म्हणाला असता तर भट्टी गेली असती. व्हय म्हणाला असता तर तुमी खोटं पडला असता. म्हणून एकट्यानंच केलं."

तस्लीमनं ओतलेल्या मालाच्या ढिगातून त्याच तारखेचा दुसरा ड्रम निवडला, कानसेनं कीस काढला, पुडीवर सही केली. वडिलांनीच तिला पुडी धरायला मदत केली.

"अब्बा, मला लिहावं लागेल."

"मग लिही की. तुला शिकवलं ते काय झाकाय व्हय?"

तिनं लिहिलं. मगदूम फौंड्रीला अकरा टक्के लागले. नवी शेड बांधायचं काम भरतेशनी रद्द केलं आणि दुसऱ्या पाळीतल्या आठ माणसांना हात जोडून घरी पाठवलं. दस्तगीरना त्यांनी एक शब्दही बोलून दाखवला नाही. तेच दस्तगीरना जास्त लागलं. त्यांचं जेवण कमी झालं.

पंधरा दिवसांनी, सोमवारी, वसाहतीच्या सुट्टीच्या दिवशी, दस्तगीर बाहेरून आले आणि सोप्यात खुर्चीवर नुसतेच बसून राहिले. दर सोमवारी सकाळी ते आणि शिवगोंडा नेजे चौकात चहा घ्यायचे. शिवगोंडा दुसऱ्या एका फौंड्रीतले भट्टीमिस्त्री. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली काम शिकलेले, त्याला पस्तीस वर्षं होऊन गेलेली.

"काय झालं?" तस्लीमनं विचारलं.

"शिवगोंडा हसला मला. म्हणला, दस्तगीर, तू लई साधा. आरं, कोक समद्यांनीच टाकलाय. विटा समद्यांकडं त्याच आल्या न्हवं? पर नमुन्याचा ड्रम कुणी त्या घाणीतला देतंय व्हय? चांगल्या विटा निवडायच्या, छोटी भट्टी लावायची, दोन ड्रम येगळं ओतायचं आनि दाखला हापिसात द्यायचं."

तस्लीम उठून लॅपटॉप घेऊन आली. त्या तिमाहीतले बाकीचे एकोणचाळीस आकडे तिनं एकाखाली एक लावले. साठ वर्षं, चाळीस वर्षं, पंचावन्न, सत्तर. मागच्या दोन वर्षांत इतके चांगले आकडे कधीच आले नव्हते. आधी तिला त्याचा आनंद झाला होता. आता ते बघून तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आनि एक," दस्तगीर म्हणाले. "शिवगोंडाच्या शेजारच्या फौंड्रीत भट्टी बसली. फोडताना एक जण भाजलाय. कोपरापत्तोर हात करपला. घरी स्टोचा भडका झाला म्हणून सांगितलंय दवाखान्यात."

तस्लीमनं लॅपटॉप मिटला.

"अब्बा, विटा चाळीस ठिकाणी कच्च्या आहेत आणि कागदावर एकाच ठिकाणी भट्टी बिघडलीय. विटांच्या कारखान्याला मी परवा पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर आलंय. एकोणचाळीस भट्ट्या उत्तम चालल्यात, तुमच्या मिस्त्रीचं काहीतरी चुकलं."

"म्हणू दे."

"म्हणू दे कसं? पुढच्या खेपेला पुन्हा त्याच विटा येतील. पुन्हा कुणाचा तरी हात जाईल. मला बाजारात गेलेला माल तपासायला पाहिजे. खराखुरा माल."

दस्तगीरनी मान वर केली. "शिवगोंडानं मला घरचा म्हणून सांगितलंय. त्येच्या तोंडातलं घिऊन तू हापिसात मांडणार?"

"मी त्यांचं नाव घेणार नाही."

"घ्यायला कशाला लागतंय? ड्रमवर छापल्यालं असतंय." त्यांचा आवाज चढला नाही, पण हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. "धाच्या वर गेलं की समद्यांचं कर्ज जातंय, व्हय न्हवं? चाळीस घरं न्हाईत ती, चाळीस फौंड्र्या हायत. अडीच हजार मानसं. माझं मी भोगतोय, तस्लीम. एकट्यावर भागतंय तर भागू दे."

दुपारभर घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीर डबा घेऊन निघाले, उंबऱ्यापाशी थांबले आणि पाठमोरेच म्हणाले, "करायचं तर समद्यांचं कर. ज्येची दया येतीय त्येला वगळू नको. मग ती तपासणी न्हवं, भांडण हुईल."

वसाहतीच्या टोकाला ट्रकतळ होता. माल भरलेले ट्रक तिथं दोन-दोन तास चार्जिंगला लागत. हे ट्रकही त्याच निधीच्या पैशातून आलेले. ड्रायव्हर झाडाखाली पत्ते खेळत असायचे. तस्लीम सलग तीन दिवस भर दुपारी तिथं गेली. तपासनीस म्हणून मिळालेलं परवानगीचं पत्र दाखवायची, गाडीच्या पाठीमागं चढायची, ड्रमवरचं नाव आणि तारीख लिहून घ्यायची, कानसेनं चिमूटभर कीस काढायची. पहिल्या दिवशी कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी एका मालकाचा मॅनेजर येऊन लांब उभा राहिला. तिसऱ्या दिवशी शिवगोंडा नेजे स्वतः आले.

"पोरी, ही कानस चालवायला मीच तुला शिकवलं," ते म्हणाले. "सातवीत हुतीस."

"आठवतंय, काका."

"मग मला एकच सांग. हे दस्तगीरला ठाव हाय?"

खोटं बोलली असती तर वडिलांची मैत्री वाचली असती. "आहे," ती म्हणाली.

शिवगोंडांनी मान डोलावली आणि ते आल्या वाटेनं निघून गेले.

एकतीस फौंड्र्यांचा माल तिला मिळाला. सव्वीस नमुने म्हातारे निघाले. शिवगोंडांच्या भट्टीतला तीन हजार शंभर वर्षांचा. तरुण निघालेल्या पाचांपैकी दोन फौंड्र्या कच्च्या विटा आल्यापासून बंदच होत्या, माल आधीचा होता. उरलेल्या तिघांनी बाया लावून एकेक वीट हातानं निवडून घेतली होती आणि निम्म्या टाकून दिल्या होत्या.

आकडे घेऊन ती पुण्याला गेली. संज्योत केळूसकर पन्नाशीच्या होत्या, नेमक्या बोलायच्या. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, चष्मा काढला.

"दहाचं कलम तुला माहीत आहे."

"म्हणूनच मेल केला नाही. स्वतः आले."

"हे मी वर पाठवलं तर पुढच्या आठवड्यात करार मोडेल. वसाहत परत कोकवर जाईल. आणि देशातला दुसरा कुठलाही निधी लहान फौंड्र्यांच्या वाटेला जाणार नाही. तू नक्की काय मागायला आली आहेस? वडिलांच्या मालकाचा दंड कमी व्हावा म्हणून?"

"नाही. तो राहू दे." तस्लीमनं पाण्याचा घोट घेतला. "मॅडम, आपण व्याज वाढवलं की लोक कोक कमी टाकत नाहीत. नमुना जास्त चांगला ओततात. आपलं यंत्र खरं बोलतं, पण आपण त्याला तेवढंच दाखवतो जेवढं त्यांनी निवडून दिलंय. भट्टी बसायला लागली की कुठलाही मिस्त्री कोक टाकणारच. टाकायलाच पाहिजे. माणसं असतात तिथं. फक्त त्यानं ते सांगितलं की त्याची फौंड्री बुडते, अशी सोय आपण करून ठेवलीय. म्हणून विटा बिघडल्याचं आपल्याला दीड महिना कळलं नाही."

"विटा का बिघडल्या?"

हे तस्लीमनं शोधून काढलं होतं. उसकोळशाचा भुगा विटेत बांधून धरायला साखर कारखान्यातली चिकट मळी लागायची. त्या वर्षी गाड्यांसाठी मळीपासून बनणाऱ्या इथेनॉलची मागणी इतकी वाढली की मळीचा भाव दुप्पट झाला. विटांच्या कारखान्यानं कुणाला न सांगता मळी निम्म्यावर आणली. एकीकडं गाड्या हिरव्या झाल्या आणि त्याची किंमत दुसरीकडं भट्ट्यांनी मोजली.

संज्योतबाई खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. "मी वर काय सांगू, याचा मला विचार करावा लागेल," त्या म्हणाल्या. "तू हे लेखी दे. तू म्हणालीस तसंच. शब्द गुळगुळीत करू नकोस."

पुढचे तीन महिने वाईट गेले. करार मोडला नाही, पण स्थगित झाला. सगळ्यांना सरसकट सात टक्के लागू झाले. दोन मालकांनी पैसे परत करून कोकवर जायचं ठरवलं. एक फौंड्री बंद पडली. भाजलेल्या माणसाची खरी नोंद झाली आणि त्याला भरपाई मिळायला लागली, पण हात काही पूर्वीसारखा झाला नाही. दाखला ऑफिसच्या दारावर कुणीतरी कोकच्या तुकड्यानं 'घरभेदी' असं लिहिलं. दस्तगीर तिला डबा द्यायला आले होते, त्यांनी ते वाचलं.

"अक्षर झ्याक हाय," ते म्हणाले आणि ओल्या फडक्यानं पुसून टाकलं.

चौकातल्या चहाला मात्र ते आता एकटेच जात. शिवगोंडा दुसऱ्या टपरीवर बसायचे. दस्तगीर ते घरी कधी काढत नसत. एकदा फक्त म्हणाले, "एकट्यानं च्या लौकर संपतोय."

दिवाळीनंतर निधीचे नवे नियम आले. नमुना यापुढं निघालेल्या मालातून, ट्रकतळावर घ्यायचा. विटांची प्रत्येक खेप दाबून बघायची, ठरलेला भार सोसला नाही तर ती परत. मळीचा वाढीव खर्च निधी सोसणार. आणि शेवटचं कलम, ज्यावर म्हणे मुंबईत दोन दिवस वाद झाला : भट्टी वाचवण्यासाठी कोक टाकावा लागला तर त्याच दिवशी, पाळी संपायच्या आत, दाखला ऑफिसला कळवायचं. कळवलं तर दंड नाही. लपवलं तर अकरा टक्के.

भरतेश मगदूमनी ते परिपत्रक वाचून तस्लीमला फोन केला. "हे कलम कोण वापरणार नाही," ते म्हणाले. "स्वतःहून फोन करून कोण सांगतंय, मी कोक टाकला म्हणून? आपल्याकडं?"

तिलाही तसंच वाटत होतं. पहिला महिना एकही फोन आला नाही. दुसऱ्या महिन्यात तिनं अशा फोनच्या नोंदीसाठी केलेली वही उघडणंही सोडून दिलं.

जानेवारीतल्या एका दुपारी, पावणेदोनच्या सुमाराला, ती डबा उघडून बसली होती. फोन वाजला. पलीकडं भट्टीत वारा फुंकणाऱ्या ब्लोअरचा घरघराट होता आणि कुणीतरी मोठ्यानं श्वास घेत होतं.

"दाखला हापिस?"

आवाज तिनं ओळखला. "बोला, काका."

"शिवगोंडा नेजे बोलतोय. भट्टी नंबर एक. साडेबाराला वारा अडला. चार पाट्या टाकल्या." क्षणभर थांबून ते म्हणाले, "मालकाला इचारलं न्हाई. मीच टाकल्या. लिहून घ्या."

तस्लीमनं उष्ट्या हातानंच वही ओढली. तारीख, वेळ, चार पाट्या. "माणसं?"

"समदी बरी हायत. भट्टी चालू झाली."

"लिहिलं."

फोन ठेवतील असं तिला वाटलं. त्यांनी ठेवला नाही. ब्लोअरचा आवाज तसाच येत राहिला.

"पोरी," शिवगोंडा म्हणाले, "त्यो सोमवारी किती वाजता येतोय आता च्याला?"

"आठला."

"बरं," ते म्हणाले. "एक कप जास्त सांगाय सांग त्येला."